रुमाल, दप्तर आणि चौथी सीट : खान्देशातल्या प्रवासाचे अनुभव

मुंबईच्या लोकलवर इतकं वाचलंय की न बसताच विरार फास्ट पाठ झालीय. पुण्याच्या बसवरही खूप झालं. पण सुरत–भुसावळ पॅसेंजर, चोपडा–यावलच्या गाड्या, स्टँडबाहेरची काळीपिवळी जीप यांच्यावर कोणी लिहीत नाही. त्यात काय लिहायचं, असं आपल्यालाच वाटतं. म्हणून हे आमंत्रण. गाडी उशिरा आली, रस्ता खराब होता, हे सांगू नका. ते सगळ्यांना ठाऊक आहे. माणसं काय करताना दिसली ते सांगा.

सुरुवात मीच करतो, जागेपासून. जळगाव स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आत खिडक्यांतून रुमाल, टोप्या, दप्तरं, भाजीच्या पिशव्या आत पडायला लागतात. एका आजोबांनी तर नातवालाच खिडकीतून आत सोडलं आणि खालून ओरडले, "आडवा पड!" पोरगं आज्ञाधारक. अख्ख्या बाकावर आडवं पडलं. रुमाल बाजूला सारता येतो, पोराचं काय करणार? आमच्याकडे रुमालाला मान आहे. धुळ्यात मात्र तो उचलून खिडकीच्या गजाला बांधतात आणि खुशाल बसतात, असा माझा आरोप आहे. धुळेकरांनी बोलावं.

धुळ्याहून

आरोप मान्य. कापडाला कसला मान द्यायचा? माणूस समोर येऊन उभा राहिला की देतो की. फक्त आधी चौकशी होते. "कथा जाई ऱ्हायना? (कुठे निघालास?) गाव कोनतं?" गाव सांगितलं की त्या गावातला एक तरी माणूस समोरच्याच्या ओळखीचा निघतोच. मग आडनाव, मग मामाचं आडनाव. आमच्या शिरपूरच्या गाडीत एका कॉलेजच्या पोराला असंच उभं-आडवं विचारून झालं आणि पागोटंवाले बाबा एकदम खूश होऊन म्हणाले, "तू तं आमना याहीसना (व्याह्यांच्या) गावना शे!" लगेच शेजारच्याला हुकूम, "सरक रे भाऊ, पाव्हनाले बठू दे." सरकणारा बिचारा नात्यात ना गोत्यात. तोही सरकला.

पाचोरा–जळगाव अपडाऊनवाला

रेल्वेत जागेचा कायदा वेगळा. आमच्या डब्यात कोण कुठे बसणार हे आम्ही नोकरीला लागायच्या आधीच ठरलेलं होतं. तीन जणांच्या बाकावर चौथी सीट असतेच, थंडीत पाचवीही होते. नवा माणूस सुरुवातीला दाराशी उभा राहतो. मग कधीतरी कोणी विचारतं, "कोणत्या ऑफिसला?" त्या दिवसापासून त्याला पत्ते येत नसले तरी मांडीवर पुठ्ठा धरायचं काम मिळतं. पुठ्ठा धरता धरता तो खेळायला शिकतो. कोण आलं नाही याची हजेरी ऑफिसपेक्षा इथे कडक. दोन दिवस कोणी दिसलं नाही तर तिसऱ्या दिवशी घरी फोन जातो.

थंडीत डब्याला भरताच्या वांग्यांचा वास. बामणोदची वांगी कोणाकडे आली, मेथी कोणाच्या शेतातली, कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ कुठून दळून आणलं, हे सगळे व्यवहार परधाडे आणि शिरसोलीच्या दरम्यान उरकतात.

पण मला सांगायचंय ते निवृत्तीचं. शाल-श्रीफळ ऑफिसात मिळतं, खरा कार्यक्रम परतीच्या डब्यात होतो. हार, पेढे, आणि ज्याचं ज्याच्याशी वर्षानुवर्षं पंख्याखालच्या जागेवरून वाजलं तोच भाषणाला उभा राहतो. एक काका निवृत्त झाल्यावरही येत राहिले. ऑफिस नाही, काम नाही. जळगावला उतरायचे, स्टेशनबाहेर चहा घ्यायचे, मिळेल त्या गाडीने परत. विचारलं तर म्हणाले, "पासचे दिवस शिल्लक आहेत ना."

चाळीसगावहून, थोडक्यात

आमच्या चाळीसगाव–धुळे लाईनवर माणूस ओळखायची सोपी खूण आहे. मे महिन्यात, दुपारनंतरच्या गाडीत, धुळ्याहून चाळीसगावकडे येताना जो उजवीकडची खिडकी धावत जाऊन पकडतो तो परगावचा. इथला माणूस डावीकडे बसतो, डोक्याचा रुमाल सैल करतो आणि उजवीकडचा हळूहळू कसा भाजून निघतो ते बघतो. बोरविहीर, शिरूडपर्यंत कोणी त्याला काही सांगत नाही.

पाचोऱ्याची लेक, आता डोंबिवलीत

पीजे कोणीच कशी काढली नाही? पाचोरा–जामनेर, नॅरोगेज, ५६ किलोमीटर. माझं आजोळ शेंदुर्णीचं. डबा इतका अरुंद की समोरासमोरच्या लोकांचे गुडघे एकमेकांत अडकायचे. अनोळखी राहणं शक्यच नव्हतं. खिडकीच्या गजांना बाहेरून दुधाचे कॅन लटकलेले. कोणी बांधावरून हात करत पळत आलं की आतली माणसं दारात गोळा होऊन ओरडायची, "ये, ये, गाडी जात नाही!" आणि बहुतेकदा तो गाठायचाच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बंद झाली ती नॅरोगेज म्हणून परत आली नाही. ब्रॉडगेजचं काम निघालंय. येऊ दे, लोकांची सोयच होईल. डोंबिवलीच्या लोकलमध्ये रोज गुडघ्यालाच काय, नाकाला नाक लागतं आणि शेजारणीचं नाव माहीत नसतं. मला तिकडच्यांना नावं ठेवायची नाहीत. सात वाजून काही मिनिटांनी कोणाला मामाचं आडनाव विचारायची सोय नसते.

एक वाहक

नाव, आगार विचारू नका. मला फक्त वयाबद्दल सांगायचंय. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याच्या आदल्या वर्षी पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला होता. पूर्वी बाईला वय विचारलं की ती चार वर्षं खाली यायची. आता एकेक आजी ठणकावून सांगते, "शहात्तर चालू आहे." आधार कार्ड बघावं तर बहात्तर. सोबतची मैत्रीण साक्षीला तयार, "अहो, मी पंच्याहत्तरची, आणि ही माझ्याआधी लग्न होऊन आली!" अर्धं तिकीट काढतो आणि पुढे जातो. वाद घालून जिंकलेला वाहक मी अजून पाहिला नाही.

आधी घरातून एकानेच जायचं असलं की नवरा जायचा. आता उलटा हिशेब कानावर येतो, "तुम्ही थांबा घरी, मी अर्ध्यात जाऊन येते." मुक्ताईनगरच्या गाडीत एकादशीला मोजून चार धोतरं असतात, बाकी सगळ्या बायका. गाणी, फुगड्यांचे बेत, सुनांची उणीदुणी. आणि सुनाही त्याच गाडीत, मागच्या सीटवर, सासवांची उणीदुणी काढत.

एक गोष्ट मात्र गेली. पत्र्याचा तिकीट-ट्रे होता तेव्हा पंच दांड्यावर टकटक वाजवला की झोपलेला माणूसही खिसा चाचपायचा. मशीनला तो आवाज नाही. खांद्याला हात लावून उठवावं लागतं, आणि त्यावरून भांडणं होतात.

बारावीतली मुलगी, चोपडा तालुका

आमची मानव विकासची निळी गाडी, मुलींना शाळा-कॉलेजात नेणारी एसटी. फाट्यावर एखादी दिसली नाही तर ड्रायव्हरकाका हॉर्न देतात आणि घराकडे बघत थांबतात. मग ती एका हातात वेणी, एका हातात डबा घेऊन पळत येते. परीक्षेच्या दिवसांत गाडीत कोणी बोलत नाही, फक्त पुटपुटतात. काका म्हणतात, तुमच्यामुळे मला रक्ताभिसरण पाठ झालं.

आश्रमशाळेतले गुरुजी, धडगाव

होळीच्या आधी आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरायला लागतो तेव्हा सातपुड्यातल्या गाड्या बघाव्यात. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं परत येत असतात. चांदसैली घाटात एकेका जीपच्या टपावर ढोल, भांड्यांची बोचकी आणि नवी कोरी शर्ट घातलेली पोरं. आत चांदीचे दागिने घातलेल्या बायका, मांडीवर कोंबडा.

नंदुरबार स्टँडवर त्याच दिवसांत पाहिलेलं सांगतो. पाचवी-सहावीतली एक मुलगी वडिलांबरोबर घरी निघाली होती, पत्र्याची पेटी घेऊन. वडिलांना वाचता येत नव्हतं. गाडी लागली की ती पळत जाऊन पाटी वाचायची आणि येऊन सांगायची, "शहादा." "साक्री." "ही अक्कलकुवा, पण मोलगीला जात नाही." शेजारच्या म्हातारीने ऐकलं आणि आपली गाडी विचारली. मग दुसरीने. बघता बघता तिच्याभोवती पंधरावीस माणसं, कोणी पावरीत विचारतंय, कोणी भिलीत, आणि ही पाटी वाचून ज्याची त्याला गाडी दाखवतेय. चौकशीची खिडकी दहा पावलांवर उघडी होती, तिथे कोणी नव्हतं. तिची स्वतःची गाडी लागली तेव्हा वडिलांनी हाक मारली. ती म्हणाली, "थांब, या आजीला तळोद्याच्या गाडीत बसवून येते."

भुसावळहून

सगळं गोड चाललंय म्हणून एक कडू घास. धुळेकरांनी "गाव कोणतं"चं कौतुक केलं. गावापर्यंत ठीक आहे. आडनाव कशासाठी विचारतात ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. माझं आडनाव ऐकल्यावर, सरकून बसलेली माणसं पुन्हा ऐसपैस झालेली मी पाहिली आहेत. तोंडाने कोणी काही बोलत नाही. डब्यातली पोळी पुढे केलेली असते, ती मात्र परत झाकली जाते. मी आता गाव सांगतो, आडनाव विचारलं की फोन काढतो. तरुण पोरं कानात बोंडं घालून बसतात म्हणून वडीलधारी कुरकुरतात. मला ती पोरं बरी वाटतात. बाजूला कोण बसलंय याचं त्यांना काही पडलेलं नसतं.

सुरतेहून, मूळ गाव अमळनेर तालुका

भुसावळकरांशी सहमत, तरी माझा अनुभव लिहिते. लिंबायत, उधना, डिंडोली भागात आपली माणसं इतकी आहेत की सिटी बसमध्ये अहिराणी कानावर पडतेच. एक बाई फोनवर सुनेला झापत होती, सगळ्या बसला ऐकू जाईल अशी. फोन ठेवल्यावर मागच्या सीटवरून अनोळखी आवाज आला, "चूक तुमनीच शे, माय." झालं! पुढचे चार स्टॉप त्या दोघींचा खटला चालला, बसमधल्या आणखी तिघी पंच झाल्या. गुजराती कंडक्टर मध्ये उभा, त्याला कळेना भांडण आहे की गप्पा. निकाल सुनेच्या बाजूने लागला.

आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उधना स्टेशनवर या कधी. सासुरवाशिणी माहेरी निघालेल्या, कडेवर पोर, डोक्यावर बॅग, हातात भावजयीसाठी घेतलेल्या सुरती साड्यांची पिशवी. तिथे रुमाल टाकायला खिडकी मोकळी सापडत नाही. साड्यांच्या पिशवीवर बसून दोंडाईचापर्यंत जायचं, पुढे अमळनेर येईस्तोवर जागा होतेच. साड्या चुरगळतात, भावजय बोलते, आणि पुढच्या आखाजीला पुन्हा तेच.