मदत हवी आहे: बोर्ड बदलल्यावर लॅपटॉपचं विंडोज अ‍ॅक्टिव्हेट होत नाही

नमस्कार मंडळी,

वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात आमचं दूध संकलन केंद्र आहे. मी आणि माझे सासरे मिळून ते चालवतो. दोन्ही वेळची लिटरची नोंद, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), उचल आणि दर दहा दिवसांचं बिल, सगळं एकाच लॅपटॉपवर आहे. लॅपटॉप २०२२ साली नवा घेतला. विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज त्यात कंपनीकडूनच आलेलं होतं आणि पावतीवरही तसं लिहिलंय.

मागच्या महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली, तेव्हा चार्जर लावलेलाच होता. लॅपटॉप जो बंद पडला तो परत सुरूच झाला नाही. वॉरंटी संपलेली. कंपनीच्या केंद्रात नवीन मदरबोर्डचा (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डाचा) जो खर्च सांगितला, त्यात थोडी भर घातली असती तर नवा लॅपटॉप आला असता. म्हणून शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात दिला. त्यांनी त्याच मॉडेलचा वापरलेला बोर्ड बसवला. एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, आमचीच.

बोर्ड बसवून सुरू केल्यावर निळा पडदा आला आणि बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की मागायला लागला. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, ही कुणाकडेच नसते, फॉरमॅट मारावं लागेल." माझ्या पोटात गोळा आला. दीडशेच्या आसपास शेतकऱ्यांचा हिशोब त्यात, आणि शेवटचा बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा. नशिबाने लॅपटॉप घेतला तेव्हा मायक्रोसॉफ्टचं खातं उघडलं होतं. तिथेच उभं राहून मोबाईलवर त्या खात्यात गेले, तर उपकरणांच्या यादीत आमच्या लॅपटॉपखाली ती की होती. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मी वाचत गेले, तो टाइप करत गेला. डेटा शाबूत निघाला, तो आधी बाहेरच्या डिस्कवर घेतला. मग "विंडोज अडखळतंय" म्हणून त्यांनी ते नव्याने टाकून दिलं.

आता खरी अडचण. घरी आणल्यावर उजव्या कोपऱ्यात "अ‍ॅक्टिव्हेट विंडोज" अशी फिकट अक्षरं आली, ती जातच नाहीत. सेटिंग्ज, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशन इथे पाहिलं तर एरर ०एक्स८०३एफ७००१ दिसतो. ट्रबलशूटर (अडचण शोधणारं विंडोजचं साधन) चालवला, "या उपकरणाचं हार्डवेअर नुकतंच बदललंय" हा पर्याय निवडला, खात्याने लॉगिन केलं. काही झालं नाही.

दुकानात फोन केला तर म्हणाले, सातशे रुपये पाठवा, एनीडेस्कवरून (दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं अ‍ॅप) दोन मिनिटांत अ‍ॅक्टिव्हेट करून देतो, फक्त अँटीव्हायरस बंद ठेवा. मला ते पटलं नाही. ज्या मशीनवर लोकांच्या बँक खात्यांचे नंबर आहेत, त्याचा अँटीव्हायरस बंद करून अनोळखी काहीतरी चालवायला मी तयार नाही. आणि विंडोजचे पैसे आम्ही लॅपटॉप घेतानाच दिलेत. तेच परवाना-हक्काने परत कसं मिळेल, एवढंच मला हवंय.

एकाने सांगितलं म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर /डीएलआय ही आज्ञा दिली (टाइप इंग्रजीत केली). उत्तर असं: विंडोज प्रोफेशनल एडिशन, रिटेल चॅनल, कीची शेवटची पाच अक्षरं ३व्ही६६टी, स्थिती नोटिफिकेशन. यातलं मला काहीच कळलं नाही. कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, दुखणं तुमच्या शेवटच्या परिच्छेदातच आहे. लॅपटॉप घेताना होम सिंगल लँग्वेज होतं, आता त्यात प्रो (प्रोफेशनल) आहे. परवाना एडिशनला बांधलेला असतो. होमच्या परवान्यावर प्रो अ‍ॅक्टिव्हेट होत नाही, मग ट्रबलशूटर कितीही वेळा चालवा. त्याला तुमच्या खात्यात प्रोचा परवाना सापडणारच नाही.

३व्ही६६टी पाहून घाबरू नका, पण ती तुमची कीही समजू नका. इन्स्टॉल करताना "की नाही" म्हणून प्रो निवडलं की जगभर सगळ्यांना हीच तात्पुरती की मिळते. तिने विंडोज बसतं, अ‍ॅक्टिव्हेट होत नाही. ०एक्स८०३एफ७००१ याचा अर्थही तोच: या मशीनसाठी डिजिटल परवाना सापडला नाही.

आता एक तपासा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, कंपनीचे लॅपटॉप येतात त्यांची २५ अक्षरी की बोर्डावरच्या बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) लिहिलेली असते. त्या कप्प्याला एमएसडीएम टेबल म्हणतात. म्हणून तर हल्ली लॅपटॉपखाली की छापलेला स्टिकर नसतो. पॉवरशेल (विंडोजमधली आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून सॉफ्टवेअर लायसन्सिंग सर्व्हिसमधली "ओए३एक्स ओरिजिनल प्रॉडक्ट की" ही नोंद वाचा. जुन्या लेखांत यासाठी डब्ल्यूएमआयसीची आज्ञा दिलेली असते, पण नव्या विंडोज ११ मध्ये ती बहुतेक वेळा मिळत नाही, म्हणून पॉवरशेलच वापरा. नेमकी ओळ तुम्हाला व्यक्तिगत संदेशात पाठवतो, म्हणजे कॉपी करता येईल.

की दिसली तर एक रस्ता, रिकामं आलं तर दुसरा. की आली तर ती इथे चिकटवू नका, फक्त आली एवढंच सांगा.

प्रतिसाद २

मी कोल्हापुरात चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचे सुटे भाग दुरुस्त करायचं, काम करतो, म्हणून दुकानदाराच्या बाजूने काय घडतं ते सांगतो.

वापरलेला बोर्ड म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी बंद लॅपटॉपमधून काढलेला. त्याच्या बायोस आयसीमध्ये (बायोस साठवलेल्या चिपमध्ये) त्या लॅपटॉपची की आणि सीरियल नंबर असतो. तुमची मूळ की तुमच्या जळलेल्या बोर्डावर राहिली. कंपनीच्या केंद्रातून नवा बोर्ड बसतो तेव्हा तो कोरा असू शकतो. मग तिथल्या इंजिनीअरने सीरियल नंबर वगैरे माहिती त्यात भरायची असते. ते राहून गेलं की गिऱ्हाईक अशीच अडकतात.

जुना बोर्ड दुकानात सोडून आला असाल तर आजच परत मागा. बोर्ड मेला तरी बायोसची आठ पायांची आयसी बहुधा जिवंत असते. ती प्रोग्रामर नावाच्या चिप वाचणाऱ्या यंत्रावर लावली की आतला मजकूर वाचता येतो. त्यात एमएसडीएम ही चार अक्षरं शोधली की पुढेच तुमची की उघडी लिहिलेली सापडते. मी स्वतः कितीतरी वेळा अशी काढून दिली आहे.

सातशे रुपयांत जे "अ‍ॅक्टिव्हेट" करून मिळतं, ते बहुतेक वेळा केएमएस नावाच्या पद्धतीची नक्कल असते. ही पद्धत मोठ्या कार्यालयांसाठी आहे. त्यांच्या आतल्या सर्व्हरकडून मशीनला १८० दिवसांची मान्यता मिळते आणि ती वारंवार नवी करून घ्यावी लागते. दुकानातलं टूल असा खोटा सर्व्हर तुमच्याच मशीनमध्ये बसवतं, म्हणून डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) बंद ठेवायला सांगतात. कुणाला आपल्या मशीनबद्दल शंका असेल तर त्याच एसएलएमजीआर /डीएलआयमध्ये "व्हॉल्यूम केएमएसक्लायंट" असं दिसतंय का पाहा. घरच्या लॅपटॉपवर ते दिसायचं काही कारण नाही. ताई, तुम्ही नकार दिलात ते फार बरं केलंत.

प्रतिसाद ३

छोटीशी भर. बोर्ड बदलला की घड्याळ मागे गेलेलं असतं. तारीख चुकीची असेल तर अ‍ॅक्टिव्हेशनच्या सर्व्हरशी जोडणीच होत नाही आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. आधी तारीख, वेळ आणि भारताचा टाइम झोन नीट आहे का ते पाहा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तारीख बरोबर होती. पॉवरशेलची ओळ चालवली तर २५ अक्षरांची की आली! म्हणजे बोर्ड कोरा नाही. पण कोल्हापूरचे दादा म्हणतात तसं ती दुसऱ्याच्या लॅपटॉपची की असणार ना? ती वापरणं बरोबर आहे का? उगाच कुणाचा परवाना आपण घेतला असं व्हायला नको. शिवाय ती की "चेंज प्रॉडक्ट की"मध्ये टाकून पाहिली, ती स्वीकारली नाही.

प्रतिसाद १

स्वीकारणार नाही, कारण ती की होमची आहे आणि बसलेलं प्रो आहे. की टाकून होमचं प्रो होऊ शकतं, प्रोचं होम होत नाही. ते नव्यानेच बसवावं लागतं.

हक्काचं म्हणाल तर असं: कंपनीकडून लॅपटॉपसोबत आलेला परवाना त्या मशीनला आणि त्यातही मुख्यतः बोर्डाला बांधलेला असतो, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. पण बोर्ड बिघडला म्हणून त्याच मॉडेलचा किंवा कंपनीने समकक्ष ठरवलेला बोर्ड बसवला, तर नवा परवाना विकत घ्यावा लागत नाही, असं मायक्रोसॉफ्टचंच धोरण आहे. शब्दशः पाहिलं तर त्यात कंपनीच्या वॉरंटीच्या अटींचा उल्लेख आहे, आणि तुमचं काम बाहेर झालंय, हे मी लपवत नाही. पण तुमच्याकडे याच मॉडेलची, याच एडिशनची पावती आहे आणि बोर्डही त्याच मॉडेलचा आहे. ज्याचा तो बोर्ड होता, त्याचा लॅपटॉप मोडीत निघालाय, त्यामुळे एक परवाना दोन ठिकाणी चालतोय असंही नाही. माझ्या मते तुम्ही निर्धास्त राहा.

बसवताना एवढं सांभाळा. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या, आतलं सगळं पुसलं जाईल. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह स्वतः बनवा. दुकानाचा पेनड्राइव्ह वापरू नका. त्यात ईआय.सीएफजी नावाची छोटी फाइल टाकलेली असते, ती बोर्डातली की बाजूला सारून प्रो बसवते. तुमच्याबाबतीत हेच झालं असणार. साध्या पेनड्राइव्हने इन्स्टॉल केलं की सेटअप बोर्डातली की स्वतः वाचतो आणि एडिशन विचारतही नाही.

डेटा पुन्हा एकदा बाहेर काढा आणि उघडून बघा, मगच सुरुवात करा.

आणि कुणीतरी ऑनलाइन तीनशे-चारशे रुपयांची की सुचवेल, त्या वाटेला जाऊ नका. अशा की बऱ्याचदा कुठल्यातरी संस्थेच्या घाऊक परवान्यातल्या असतात. आज चालतात आणि पुढे ब्लॉक झाल्या की एरर ०एक्ससी००४सी००३ दिसतो. पैसे गेले ते गेलेच.

धागाकर्ती

झालं! सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

रविवारी संध्याकाळचं संकलन आटोपल्यावर बसले. संकलनाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप दोन ठिकाणी घेतला आणि सासऱ्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडून, तीन शेतकऱ्यांची बिलं वहीशी ताडून पाहिली. मग पेनड्राइव्ह लावून सुरू केलं. सेटअपने ना की मागितली, ना होम की प्रो विचारलं. थेट पुढे गेला. पहिल्यांदा डेस्कटॉप आला तेव्हा कोपऱ्यात काहीच अक्षरं नव्हती, तरी माझा विश्वास बसेना. सेटिंग्जमध्ये जाऊन पाहिलं: विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज, अ‍ॅक्टिव्हेशन स्टेट अ‍ॅक्टिव्ह, डिजिटल परवान्याने. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केल्यावर "खात्याला जोडलेला डिजिटल परवाना" असं आलं.

मला एक भीती होती, की सिंगल लँग्वेज म्हणजे मराठी टाइप करता येणार नाही की काय, कारण शेतकऱ्यांची नावं आम्ही मराठीत टाकतो. तसं काही नाही. बंधन फक्त विंडोजच्या मेनूच्या भाषेवर आहे. मराठी कीबोर्ड पूर्वीसारखा जोडता आला.

दुकानातून जुना बोर्डही आणला. आधी "भंगारात गेला" म्हणाले, पण समोर उभी राहिले तेव्हा खोक्यातून काढून दिला. कोल्हापूरच्या दादांना दाखवायला नेणार आहे. लॅपटॉप चालू झाला तरी आमची मूळ की आमच्याकडे असावी असं वाटतं.

आता एकच शंका उरली. नवीन इन्स्टॉलनंतर डिव्हाइस एन्क्रिप्शन (तेच बिटलॉकरचं कुलूप) परत आपोआप चालू झालंय आणि खात्यात त्याच लॅपटॉपच्या नावाने दोन रिकव्हरी की दिसतात, एक जुनी आणि एक परवाच्या तारखेची. नवीन की मी संकलनाच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून ते पान पाकिटात बंद करून सासऱ्यांच्या कपाटात ठेवलंय. जुनी खात्यातून काढून टाकली तर चालेल ना?

प्रतिसाद २

एसएसडी पूर्ण पुसून नव्याने टाकलंत ना, मग जुन्या कीने उघडण्यासारखं त्या डिस्कवर काही उरलेलं नाही. फक्त काढण्याआधी निळ्या पडद्यावर दिसतो तसा की आयडी (त्या कीचा ओळख क्रमांक) जुळवून घ्या, चुकून नवी काढली जायला नको. खरं तर राहू दिली तरी काही बिघडत नाही.

शनिवारी दुपारनंतर मी दुकानात असतो. बोर्ड घेऊन या, आयसी वाचून देतो.