अनुभव धागा : ए-लेव्हलला सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, पॉलिटिक्स घेतलं तेव्हा काय झालं?

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउला राहतो. लेक इयर इलेव्हनला आहे, उन्हाळ्यात जीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीसारखी परीक्षा. सिक्स्थ फॉर्मचा (पुढची दोन वर्षं, ज्यांच्या शेवटी बारावीसारखी ए-लेव्हलची परीक्षा असते) अर्ज भरायचाय आणि तिला तीन विषय हवेत : सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, पॉलिटिक्स. नवरा आणि मी दोघंही इंजिनिअर, त्यामुळे सायन्स-कॉमर्स-आर्ट्स ही उतरंड डोक्यातून जात नाही. सासूबाई नागपूरहून रोज फोनवर विचारतात, "गणित का सोडतेय पोर?" आपल्याकडे बारावीपर्यंत सहा विषय असायचे, इथे सोळाव्या वर्षी तीनच उरतात. मला भीती त्याची आहे. तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी हे विषय घेतले असतील, तर प्रत्यक्षात काय झालं ते लिहाल का? सल्लाही द्या, पण आधी अनुभव सांगा.

लेस्टरहून, स्वतः शिकलेली

ताई, मी सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी आणि बायॉलॉजी घेतलं होतं. आता चोवीस वर्षांची आहे.

सोशिऑलॉजीत पहिला भाग शिक्षणाचा होता. कोणत्या घरातली मुलं शाळेत पुढे जातात, कोणती मागे पडतात आणि का. माझी आई गोदामात रात्रपाळीला पॅकिंग करायची, घरी अभ्यासाला वेगळी खोली नव्हती. वर्गात बाईंनी पैशाची चणचण आणि घरातली भाषा यांचा निकालावर होणारा परिणाम समजावला, तेव्हा कुणीतरी आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून बोलतंय असं वाटलं. १९६८ सालचा रोझेंथल आणि जेकबसन यांचा अभ्यास तिथेच शिकले. शिक्षकांना सांगितलं की ही ठरावीक मुलं यंदा झेप घेणार. ती नावं खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती, तरी लहान वर्गांत त्यातल्या बऱ्याच मुलांची प्रगती इतरांपेक्षा जास्त झाली. नंतर त्या अभ्यासावर झालेली टीकाही शिकलो. पण मला खालच्या सेटमध्ये, म्हणजे कच्च्या मुलांच्या गटात, बसवलं होतं ते दिवस आठवले आणि त्या रात्री मी आईशी खूप बोलले.

मार्क मात्र सहज मिळाले नाहीत. ३० मार्कांच्या पहिल्या निबंधात मला ११ मिळाले. माहिती सगळी होती, मी ती फक्त ओतली होती. मुद्दा, त्याला पुरावा, मग त्या पुराव्यात खोट कुठे आहे, आणि हे प्रत्येक परिच्छेदात : ही सवय लागायला ख्रिसमस उजाडला. नंतर गाडी रुळावर आली.

बायॉलॉजी मी केवळ बाबांच्या आग्रहाखातर घेतलं होतं. पुढे सायकॉलॉजीच्या पदवीला अर्ज करताना दिसलं की काही विद्यापीठांना एक तरी सायन्स हवं असतं. काही ठिकाणी सायकॉलॉजीच सायन्स म्हणून चालते, काही ठिकाणी नाही. बाबांचं ऐकलं ते बरं झालं, हे त्यांनाही सांगून झालंय.

हॅरोहून, एक बाबा

आमची चूक सांगतो, तुमची होऊ नये म्हणून. मुलाने इकॉनॉमिक्स, पॉलिटिक्स, हिस्टरी आणि मॅथ्स असे चार विषय घेऊन सुरुवात केली. ओझं फार झालं, म्हणून ऑक्टोबरमध्ये मॅथ्स सोडलं. शाळेत कुणी अडवलं नाही, आम्हीही नाही. इकॉनॉमिक्स आहे ना हातात, मग झालं, असं वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात विद्यापीठांच्या अटी वाचायला बसलो तेव्हा कळलं की उलटं आहे. इकॉनॉमिक्सच्या पदवीला ए-लेव्हल इकॉनॉमिक्स बहुतेक ठिकाणी लागतच नाही, लागतं ते मॅथ्स. एलएसईचं (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) तर सरळ लिहिलेलं असतं. तोपर्यंत वर्ष सरलं होतं. पोरगा माझ्यासमोर लॅपटॉप मिटून उठून गेला, ती संध्याकाळ विसरलेलो नाही.

आता तो हिस्टरी आणि पॉलिटिक्स शिकतोय, मन लावून शिकतोय. तरीही सांगतो, अटी इयर इलेव्हनलाच वाचा. मुलीला आज जे व्हावंसं वाटतं त्या तीन-चार पदव्यांची पानं उघडा आणि तिच्याबरोबर बसून वाचा.

एडिंबराहून

आमच्याकडे स्कॉटलंडला ही कात्री इतक्या लवकर लागत नाही. माध्यमिक शाळेच्या पाचव्या वर्षी, म्हणजे एस-फाइव्हला, मुलं साधारण पाच हायर्स घेतात, म्हणजे विद्यापीठ प्रवेशासाठी धरले जाणारे पाच विषय. माझ्या मुलीने इंग्लिश, मॅथ्स, केमिस्ट्रीबरोबर मॉडर्न स्टडीज घेतलं. राजकारण आणि समाजशास्त्र एकत्र असलेला हा खास स्कॉटिश विषय आहे. त्यामुळे आम्हाला मॅथ्स की समाज, असं निवडावंच लागलं नाही. तुमची घालमेल वाचून वाईट वाटलं.

बर्मिंगहॅमहून, सोशिऑलॉजी शिकवते

मूळची कोल्हापूरची. दरवर्षी पालकसभेत आपले लोक मला एक यादी दाखवतात, व्हॉट्सॲपवर फिरणारी. रसेल ग्रुप या नामांकित विद्यापीठांच्या गटाची "फॅसिलिटेटिंग", म्हणजे जास्त पदव्यांची दारं उघडी ठेवणाऱ्या, विषयांची यादी. त्यात मॅथ्स, सायन्स, हिस्टरी, जिऑग्रफी, भाषा असे विषय होते. सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी नव्हती, इकॉनॉमिक्ससुद्धा नव्हतं. ती यादी रसेल ग्रुपने २०१९ मध्ये स्वतःच मागे घेतली. कृपा करून ती आता पुढे पाठवू नका. तिच्यामुळे आवड असलेली किती मुलं या विषयांपासून दूर गेली, ते मी जवळून पाहिलंय.

माझी काळजी वेगळी आहे. तुमची लेक म्हणते त्या तिन्ही विषयांत लिहिणं प्रचंड आहे. प्रत्येक विषयाचे दोन-दोन तासांचे तीन पेपर, म्हणजे मे-जूनमध्ये अठरा तास. जिला लिहिताना विचार सुचतात ती त्यात फुलते. जिला बोलताना सुचतात तिची दमछाक होते, आणि ती मुलगी वर्गातली सगळ्यात हुशार असू शकते. शाळेचं परीक्षा मंडळ कोणतं ते विचारा, त्याच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. एक उतरवा आणि तिला एक प्रश्न सोडवू द्या. उत्तर चुकेलच, ते बघू नका. लिहून उठल्यावर तिचा चेहरा बघा.

रेडिंगहून

भाच्याचं सांगते. माणसं ओळखता येतील म्हणून सायकॉलॉजी घेतलं. वर्गात निघालं न्यूरॉन, सॅम्पलिंग (प्रयोगासाठी माणसं निवडणं), साइन टेस्ट ही संख्याशास्त्राची चाचणी. दहा टक्के मार्क तरी गणिताचे असतात, हे त्याला माहीतच नव्हतं. सहाव्या आठवड्यात जिऑग्रफीला बदली घेतली. त्याच्या शाळेत तेवढ्या मुदतीत बदल चालत होता. तुमच्या शाळेला आधीच विचारून ठेवा.

लीड्सहून, मूळ सांगली

१९९८ ला दहावीत ८८ टक्के मिळाले आणि मी आर्ट्सला गेले. पेढे घेऊन आलेल्या शेजारच्या काकू दारातच म्हणाल्या, "अगं बाई, का गं? पैशाची अडचण आहे का?" आईने पेढे घेतले आणि दार लावलं. त्यानंतर तिने मला एकदाही विचारलं नाही, की तू बरोबर केलंस ना. इतिहास आणि राज्यशास्त्रावर मी इथवर आले, आज कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, घरांच्या प्रश्नावर काम करते. तुमच्या सासूबाईंना राग येणार नाही अशा शब्दांत सांगा, पण लेकीसमोर "गणित का सोडतेय" हा प्रश्न रोज नको. मला त्या एका दिवसाचा प्रश्न अजून आठवतो.

स्लाउहून, धागा सुरू करणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री नवऱ्याला हॅरोच्या दादांचं मोठ्याने वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प होता. शनिवारी लेकीला प्रश्नपत्रिका दिल्या. सोशिऑलॉजीच्या प्रश्नाला पाऊण तास लावला, चार पानं लिहिली आणि जेवायला हाक मारली तर "थांब, अजून एक मुद्दा आहे" म्हणाली. सायकॉलॉजीतला सॅम्पलिंगचा प्रश्न तिने दहा मिनिटांत बाजूला ठेवला. मग आपणहून म्हणाली, "त्याच्या जागी मॅथ्स घेतलं तर?" अजून काही ठरलेलं नाही. आम्ही दोघांनी मुद्दाम उत्तर दिलं नाही.

एक शंका राहिली. पॉलिटिक्सच्या तिसऱ्या पेपरला अमेरिका किंवा जागतिक राजकारण असा पर्याय दिसतो. तो मुलांना निवडता येतो, की शाळाच ठरवते? कुणाच्या मुलांनी जागतिक राजकारण केलं असेल तर जरूर लिहा, तिचा ओढा तिकडे आहे.