साडेचार वर्षं जावावर काम, आता आधी कोणतं सर्टिफिकेशन करू?

मिरजकर:
नमस्कार मंडळी. पुण्यात जावा ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि तिचं फ्रेमवर्क स्प्रिंग बूट यांवर काम करतो. शिक्षण मेकॅनिकलचं, त्यामुळे मुलाखतीत पहिला प्रश्न डिग्रीवरच येतो आणि तिथेच मी अवघडतो. कंपनी वर्षाला एकाच परीक्षेची फी परत देते, तीही पास झालं तरच. डोळ्यांसमोर तीन नावं आहेत: ओरॅकलचं जावा १७, एडब्ल्यूएसचं (अमेझॉनची क्लाउड सेवा) डेव्हलपर असोसिएट आणि कुबरनेटीसचं (कंटेनरमधली अ‍ॅप्स चालवणारी प्रणाली) सीकेएडी. आमच्या सर्व्हिसेस एडब्ल्यूएसवर चालतात, एसक्यूएस, म्हणजे तिथली मेसेजची रांग, मी रोज वापरतो, पण डिप्लॉयमेंट, म्हणजे तयार कोड सर्व्हरवर चढवणं, दुसरी टीम बघते. मुलगी आठ महिन्यांची आहे. ती उठायच्या आत, सकाळी सहा ते साडेसात, एवढाच वेळ माझा. कुठून सुरुवात करू?

जुना जावावाला:
माझं मत ओरॅकल. ९० मिनिटांत ५० प्रश्न, पास व्हायला ६८ टक्के. हा कोड कंपाइल होईल का, काय छापेल, असे प्रश्न असतात. पाया पक्का होतो.

नागपूरची ताई:
मिरजकर, तुम्ही एसक्यूएस रोज वापरता ना? मग एडब्ल्यूएसच करा. का ते सांगते.

आमच्याकडे काही ग्राहकांना एकाच ऑर्डरची दोन-दोन बिलं जायची. दोन दिवस आम्ही आमचाच कोड उलटापालटा केला, काही सापडेना. त्याच आठवड्यात या परीक्षेसाठी व्हिजिबिलिटी टाइमआउट वाचत होते, म्हणजे एकाने उचललेला मेसेज इतरांपासून किती वेळ लपलेला राहतो ते. न बदलल्यास तो ३० सेकंद असतो. आमचं बिल तयार व्हायला चाळीसेक सेकंद लागायची. म्हणजे पहिल्या कन्झ्युमरचं (रांगेतून मेसेज उचलणाऱ्या प्रोग्रॅमचं) काम संपायच्या आत तोच मेसेज रांगेत पुन्हा दिसायचा आणि दुसरा कन्झ्युमर तो उचलायचा! टाइमआउट वाढवला. शिवाय स्टँडर्ड रांगेत एखादा मेसेज दोनदा येऊच शकतो, म्हणून ऑर्डर क्रमांक आधी तपासायला लागलो. पुढच्या मुलाखतीत मी हेच सांगितलं. त्यानंतर अर्धा तास बोलणं रांगांवरच चाललं, डिग्रीचा विषय निघालाच नाही.

परीक्षेला १३० मिनिटं, ६५ प्रश्न, १००० पैकी ७२० हवेत. फी १५० डॉलर, वर कर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. सरावासाठी खातं उघडाल त्याच दिवशी बजेट अलर्ट (खर्च वाढला की येणारा इशारा) लावा. आणि डंप (परीक्षेतले फोडलेले प्रश्न) विकत घेऊ नका, हात जोडून सांगते. पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होतं, आणि न पकडताही रांगेचं कोडं तुम्हाला सुटणार नाही.

कोल्हापुरी कुबे:
ताईंशी सहमत. सीकेएडी मी केलंय. त्यात पर्याय निवडायचे नसतात. दोन तास टर्मिनलवर प्रत्यक्ष काम. कुबरनेटीसची कागदपत्रं उघडी ठेवता येतात, पण शोधत बसलात तर वेळ संपतो. पास व्हायला ६६ टक्के, आणि त्याच फीत दुसरा प्रयत्न मिळतो. हात रोज क्यूबसीटीएलवर (कुबरनेटीसची कमांड) फिरत नसेल तर फार जड जातं. आधी त्या दुसऱ्या टीमकडे जाऊन बसा, एखादं डिप्लॉयमेंट मागून घ्या.

मिरजकर:
ताई, तुमचं वाचून लगेच आमची सेटिंग उघडली. टाइमआउट ३० सेकंदच आहे. आमचं एक काम सव्वीस सेकंदांत होतं, सणाच्या गर्दीत जास्तच लागत असणार. उद्या लीडशी बोलतो. एडब्ल्यूएसच करतो. डायनॅमोडीबी (एडब्ल्यूएसचा डेटाबेस) मी कधी वापरलेलं नाही, त्याला किती आठवडे धरू?

नागपूरची ताई:
तुमच्या दीड तासाच्या हिशेबाने दोन. पार्टिशन की (नोंद कुठे साठवायची ते ठरवणारी) आणि इंडेक्स (नोंदी वेगळ्या पद्धतीने शोधायला) स्वतः टेबल बनवूनच शिका. अडलात तर इथेच विचारा.