अमेरिकन लेखक कोलसन व्हाइटहेडला ऐतिहासिक कादंबरीकार म्हणायचं का?

शाईपाणी
मी म्हणेन, आणि अव्वल दर्जाचा. १९९९ मध्ये त्याने लिफ्ट तपासनिसांवर कादंबरी लिहिली, २०११ मध्ये झाँबींवर, आणि २०१६ मध्ये आली 'द अंडरग्राउंड रेलरोड'. पळणाऱ्या गुलामांना मदत करणाऱ्यांच्या गुप्त साखळीचं हे नाव. याने मात्र जमिनीखाली खरेखुरे रूळ टाकले. जॉर्जियातल्या मळ्यातून पळालेली कोरा एका कोठाराखालच्या बोगद्यात उतरते. तिला सांगितलं जातं, धावत्या गाडीतून बाहेर बघ, खरी अमेरिका दिसेल. ती बघते, तर नुसता काळोख. गुलामगिरीबद्दल इतकं खरं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

पिंपळपान
अजिबात पटलं नाही. माझ्या पुतणीने पुस्तक संपवून विचारलं, "काकू, ती रेल्वे बंद कधी पडली?" बरं, रेल्वेचं एक वेळ सोडून देऊ. काळ्या माणसांवरचे सिफिलिसचे प्रयोग त्याने गृहयुद्धाच्याही आधी, साउथ कॅरोलायनात दाखवलेत. असे प्रयोग खरंच झाले ते अलाबामातल्या टस्कगीला, १९३२ ते १९७२ मध्ये. उपचार न देता त्या माणसांना नुसतं बघत राहिले. त्यांची मुलं-नातवंडं आहेत. त्यांचं दुःख उचलून दुसऱ्या शतकात ठेवायचं, हे मला सहन होत नाही.

शाईपाणी
पण त्याच भागात कोराला संग्रहालयात काचेमागे उभं करतात, गुलामाचं काम 'करून दाखवायला'. ती बघ्यांतल्या एकेकाला हेरून, तो नजर वळवेपर्यंत रोखून बघते. ती नजर कोणत्या सनातली, हा प्रश्न मला पडतच नाही.

खारीचा वाटा
दोघांनी 'द निकेल बॉइज' (२०१९) वाचलीय का? फ्लोरिडातल्या मारियाना गावची डोझिअर सुधारशाळा २०११ मध्ये बंद झाली, मग आवारात निनावी थडगी सापडली. कादंबरीत शाळेचं नाव बदललंय, पण चमत्कार एकही नाही. फटके मारायच्या इमारतीत मोठा पंखा लावायचे, किंकाळ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून. तो पंखा तिथून वाचलेल्यांच्या आठवणींत आहे. दोन्ही कादंबऱ्यांना पुलित्झर मिळालं, पण माझ्या मते दुसरी मोठी. इथे त्याला काही वाकवावं लागलं नाही.

शाईपाणी
'रेलरोड'मध्येही फरारी गुलामांच्या जाहिराती जुन्या वर्तमानपत्रांतल्या, जशाच्या तशा आहेत. शेवटची, कोराची, तेवढी त्याने लिहिलेली.

पिंपळपान
ती जाहिरात मलाही लागली, नाकारत नाही. तरी पुतणीला आता 'निकेल बॉइज'च देणार. तिने पंख्याचं विचारलं, तर "होता" असं सांगता येईल.