स्कॅन काळा, गाल ठणकतोय: ऑपरेशननंतर नाकाला आणखी किती दोष द्यायचा?

उंबरठा (पुणे)

माझं सायनसचं दुर्बिणीचं ऑपरेशन डिसेंबर २०१८ मधलं. नाकाचं वाकडं हाड सरळ केलं, दोन्ही गालांतल्या पोकळ्यांची तोंडं रुंद केली, डोळ्यांच्या मधल्या बारीक बारीक खोल्या मोकळ्या केल्या. नाक मोकळं झालं, ते नाकारत नाही. आधी तोंड उघडं टाकून झोपायचो, ते थांबलं. पण तिसऱ्या महिन्यात दुखणं परत आलं, घरचं माणूस गावाहून यावं तसं, न विचारता. डावा गाल, डोळ्याखालचं हाड, वरच्या दाढा. सकाळी दहाला सुरू, चारपर्यंत ठणका, मग हळूहळू उतार.

पुढच्या चार वर्षांत दोन स्कॅन झाले. पोकळीत हवा असली की ती स्कॅनवर काळी दिसते, सूज किंवा पू असला की राखाडी. माझे दोन्ही काळेभोर. डॉक्टर फिल्म उजेडावर धरून म्हणाले, "एकदम स्वच्छ आहे." मी बाहेर येऊन रिक्षात बसलो आणि रडलो. स्वच्छ आहे तर दुखतंय काय?

दुसऱ्या एका ठिकाणी "थोडं राहिलंय, परत करून टाकू" म्हणाले. तारीखही घेतली होती. बायकोने हट्टाने आधी मेंदूविकारतज्ज्ञाकडे नेलं. त्यांनी नाकाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं, महिन्यात गोळ्या किती दिवस घेता? घरी येऊन कालनिर्णयवर लाल टिकल्या मारायला घेतल्या. महिनाअखेरीस २२ टिकल्या. सर्दी-डोकेदुखीच्या मिश्र गोळ्या महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं, की गोळीच डोकेदुखी चालू ठेवते. हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. निदान अर्धशिशीचं निघालं. गोळ्या बंद केल्याचे पहिले बारा दिवस कसे काढले ते विचारू नका. रात्री ॲमिट्रिप्टिलिनचा (मूळची डिप्रेशनची गोळी, नसेच्या दुखण्यावरही देतात) छोटा डोस सुरू झाला, फरक कळायला दीड महिना गेला. आता महिन्यात पाच-सहा दिवस दुखतं.

तर माझं मत, हवं तर फोडून काढा: नाक चोंदत नाही, पू नाही, दुर्बिणीत काही नाही, स्कॅन काळा, तरीही दुखतं, तर ते सायनस नव्हे. परत टेबलावर चढायचं नाही. अमेरिकेत २००४ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या पाहणीत, स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं सांगणारे किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेले २,९९१ जण तपासले. त्यांतल्या ८८ टक्क्यांचं दुखणं अर्धशिशीच्या व्याख्येत बसलं. 'सायनस' या एका शब्दाने माझी चार वर्षं खाल्ली.

गोदाकाठ (नाशिक)

सहमत नाही, आणि कारण माझ्याच तोंडात होतं.

पहिलं ऑपरेशन २०१९. उजवा गाल दुखायचा तो तसाच राहिला. रिपोर्टात "किंचित सूज, बाकी ठीक". मलाही सांगितलं, नसेचं दुखणं आहे, गोळी घ्या. आठ महिने घेतली. वजन सहा किलो वाढलं, दुखणं तिथेच. फक्त मधूनच नाकाच्या मागून सडका वास यायचा, जो घरात दुसऱ्या कोणाला येत नसे. मुलगी म्हणायची बाबांना भास होतात.

शेवटी पकडलं ते दाताच्या डॉक्टरांनी. उजवीकडची वरची पहिली मोठी दाढ, बऱ्याच वर्षांपूर्वी रूट कॅनल केलेली, वर छान टोपी. तिच्या मुळाशी पू. या दाढांची मुळं गालातल्या पोकळीच्या तळाला जवळजवळ टेकलेली असतात, कधी आत डोकावतातसुद्धा. दाढ काढली, २०२२ मध्ये ती पोकळी पुन्हा साफ केली. दहाव्या दिवशी वास गेला, महिन्याभरात ठणका. तुमच्या नियमाने चाललो असतो तर आजही रात्रीची गोळी गिळत बसलो असतो.

उंबरठा

तुमची केस माझ्या नियमात येतच नाही. एकच बाजू, सडका वास, स्कॅनमध्ये सूज. म्हणजे लक्षणं होती.

गोदाकाठ

एकच बाजू तर तुमचीही आहे. आणि सूज "किंचित" होती म्हणूनच सगळ्यांनी सोडून दिली. काळा स्कॅन कोणाचा आणि राखाडी कोणाचा, हे पेशंटने ठरवायचं का? नियम तुम्ही बरे झाल्यावर बेतलाय, म्हणून अंगाला बसतोय.

सुंठसाखर (डोंबिवली)

इतकं सगळं करण्यापेक्षा रोज जलनेती करा. कोमट पाणी, सैंधव, तोटीचा तांब्या. वरून नाकात अणुतेलाचे दोन-दोन थेंब, कपाळाला सुंठेचा लेप. ऑपरेशनची वेळच येत नाही. मी १४ वर्षं करतोय. माझ्या आजीने तर अर्धशिशीवर सूर्योदयाआधी दूध-जिलेबी दिली होती, ती मात्र केवळ जिलेबीसाठी चालू ठेवली.

घसाबसा (कान-नाक-घसा, रत्नागिरी)

पेशामुळे दोन शब्द जास्त लिहितो.

नाक धुणं उत्तम. ऑपरेशननंतर तर हवंच, खपल्या आणि चिकट स्राव त्यानेच निघतात, आणि तोंडं रुंद झाल्यावर पाणी आत खरोखर पोचतं. पण पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड. नळाचं, विहिरीचं, नुसतं गाळलेलं नाही. लुइझियानात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोन जण मेंदूत शिरणाऱ्या अमीबाने गेले. दुर्मीळ आहे, पण पाणी उकळायला दहा मिनिटं लागतात. आणि धुण्याने स्राव निघतो, अर्धशिशी निघत नाही.

आता मुख्य वाद. जुनाट सायनसायटिस म्हणायला १२ आठवडे तक्रार हवी, तीत नाक चोंदणं किंवा स्राव यांपैकी एक हवंच, आणि दुर्बिणीत किंवा स्कॅनमध्ये पुरावा हवा. नुसत्या दुखण्यावर हे निदान होत नाही. स्कॅनला ० ते २४ असे गुण देण्याची पद्धत आहे. ते गुण आणि पेशंटचं दुखणं यांचा मेळ फारसा बसत नाही. पोकळ्या ठासून भरलेला माणूस "फक्त वास येत नाही हो" म्हणतो, आणि गुण शून्य असलेला भिंतीवर डोकं आपटतो. इथवर धागाकर्ते उंबरठा बरोबर.

पण गोदाकाठही बरोबर. एकाच बाजूचं असेल तर दाढ, बुरशी, क्वचित गाठ, हे बघितल्याशिवाय नसेवर ढकलू नये. आणि उंबरठा, ॲमिट्रिप्टिलिन हे इथे वाचून मेडिकलमधून कोणी आणू नये. काचबिंदू, प्रोस्टेट, हृदयाचे ठोके, बरंच विचारून द्यावं लागतं.

सुंठसाखर

पाणी उकळायचं मान्य. पण एक सांगतो, यांचं "दहा ते चार" वाचून मला सूर्यावर्त आठवला. सूर्याबरोबर चढणारं, दुपारनंतर उतरणारं डोकं. सुश्रुतात आहे.

उंबरठा

मग तो तिथे नाकाच्या रोगांत आहे की डोक्याच्या?

सुंठसाखर

शिरोरोगांत. अकरा प्रकार आहेत, अर्धावभेदक म्हणजे अर्धशिशीही त्यांतच. नाकाचे रोग आणि प्रतिश्याय (सर्दी-पडसं) वेगळे. हं. तुमच्याच पारड्यात पडलं की हे.

घसाबसा

घाईने पाडू नका. कपाळातल्या सायनसची सूजही नेमकी अशीच, सकाळी चढते आणि दुपारी उतरते. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तिला ऑफिसवेळेची डोकेदुखी म्हणत. घड्याळ बघून निदान होत नाही.

शिवणटीप (कोल्हापूर)

तुम्ही सगळे पुरुष निदानावरून भांडताय. मी निदान झाल्यानंतरचं सांगते.

मलाही "नाकाचं काही नाही" सांगितलं. त्या वाक्यानंतर डॉक्टरांची खुर्ची फिरली आणि पुढचा पेशंट आत आला. नाकाचं नाही म्हणजे कशाचं, ते कोणी बोललं नाही. चिठ्ठीवर तीच ॲमिट्रिप्टिलिन. दुकानदाराने माझ्या जाऊबाईंसमोर विचारलं, "वहिनी, ही डिप्रेशनची ना?" त्या दिवसापासून घरात माझ्या दुखण्याचं नाव टेन्शन. ऑपरेशनच्या वेळी नाकात पट्ट्या होत्या तर सासूबाईंनी पेज करून दिली होती. आता गाल धरून बसले तर "जरा बाहेर जाऊन ये, मन रमेल."

म्हणून उंबरठा, तुमचं "ते सायनस नव्हे" मला टोचलं. तुमच्याबरोबर बायको होती, पुढचं दार उघडून देणारी. बऱ्याच जणींना नाक हे एकच दुखणं असतं ज्यावर घरचे विश्वास ठेवतात. ते काढून घ्याल तर हातात काय द्याल?

उंबरठा

हे वाचून दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. तुमचं म्हणणं बरोबर आहे. मला मेंदूविकारतज्ज्ञांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं: कानापुढून चेहऱ्यावर येणारी एकच नस, तिच्या तीन फांद्या, आणि गाल, वरच्या दाढा, गालातल्या सायनसचं अस्तर हे सगळं मधल्या फांदीवर. अर्धशिशीत तीच नस पेटते, म्हणून दुखतं गालात, आणि नाक-डोळ्यांतून पाणीही येतं. तो कागद मी आईला दाखवला. तेव्हापासून ती "टेन्शन" म्हणत नाही, "नस पेटली का?" विचारते. तुम्हीही तसा मागून घ्या. पण दुसऱ्या ऑपरेशनबद्दल माझं मत तेच आहे.

पिठलंभाकर (संभाजीनगर)

जरा रुक्ष मुद्दा. दुसऱ्या ऑपरेशनच्या भरवशावर नवीन मेडिक्लेम काढणार असाल तर आधी अटी वाचा, सायनसला दोन वर्षं थांबायची अट सर्रास असते. आणि पहिल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची टिपणी, स्कॅनची सीडी जपून ठेवा. माझी सीडी मुलाने कावळे हाकलायला गच्चीवर टांगली होती.

शिवणटीप

कागद मागितला. डॉक्टर आधी चमकले, मग पॅडच्या मागच्या बाजूला काढून दिला. यावेळी मिस्टरांना आत नेलं होतं. त्यांनी घडी करून खिशात ठेवला, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या बँकेत येऊन मॅनेजरना विचारलं, हिचं टेबल एसीच्या झोताखालून हलवता येईल का. गार झोत गालावर बसला की तासाभरात माझं सुरू होतं, हे मी पाच वर्षं सांगत होते.

गोदाकाठ

उंबरठा, एक प्रश्न राहिला. तुमच्या डाव्या वरच्या दाढांपैकी एखादीला टोपी आहे का?

उंबरठा

आहे. २०१२ ची. आजवर कोणी विचारलं नव्हतं.

गोदाकाठ

मी विचारतोय. दाढेचा एक्स-रे काढून या.

उंबरठा

जाऊन आलो. दाढ ठणठणीत, मुळाशी काही नाही. चारशे रुपये गेले.

गोदाकाठ

चारशेत सुटलात. माझे आठ महिने गेले होते.