खंडणी, तारण, पश्चात्ताप : बायबलच्या मराठीत अडखळायला लावणारे शब्द

मूळ लेख

मी बायबल लहानपणापासून मराठीतच वाचत आलो. त्यातले शब्द मला कधी खटकले नाहीत. घरातल्या भांड्याचा पोचा घरच्यांना दिसत नाही, तसंच ते. खटकायला लागले ते ख्रिस्ती नसलेल्या मित्रांनी प्रश्न विचारायला सुरुवात केल्यावर. 'तुमच्या येशूने खंडणी दिली म्हणता, ती कोणाला?' असं एकाने विचारलं. आधी मला हसू आलं आणि मग लक्षात आलं की आपल्याकडे उत्तर नाही.

शब्द आहे मार्क १०:४५ मध्ये, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूचरित्राच्या दहाव्या अध्यायातल्या ४५व्या वचनात. मनुष्याचा पुत्र (येशू स्वतःला असं म्हणतो) सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला आणि पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव 'खंडणी' म्हणून द्यायला आला, असं तिथे येशू म्हणतो. मूळ ग्रीक शब्द 'लुत्रॉन'. लढाईत पकडलेला कैदी किंवा विकला गेलेला गुलाम सोडवायला मोजायची रक्कम म्हणजे लुत्रॉन. बाजारातला, रोकडा शब्द आहे, त्यात गूढ काही नाही.

मराठीत खंडणी म्हणजे पूर्वी चाल करून आलेल्याला ठरवून दिलेली रक्कम. ती दिली की गाव वाचायचं. भाषांतर करणाऱ्यांच्या कानात हा अर्थ असणार. आज वर्तमानपत्रात खंडणी येते ती गुन्हेगारीच्या पानावर, धमकावून उकळलेले पैसे म्हणून. शब्द तोच राहिला, पण त्याची संगत बिघडली. त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो उकळणाऱ्याचा : तो कोण?

गंमत म्हणजे हा प्रश्न मराठीमुळेच पडतो असंही नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विचारवंताने खंडणी सैतानाला दिली गेली असा अर्थ लावला होता. चौथ्या शतकात नाझियांझसच्या ग्रेगरी या धर्मगुरूला तो अजिबात रुचला नाही. दरोडेखोराला मोबदला म्हणून साक्षात देव मिळावा, ही कल्पनाच त्याला लाजिरवाणी वाटली. मार्कच्या वाक्यात मात्र किंमत आहे, सुटणारे आहेत, घेणारा नाहीच. उपमा सुटकेची आहे. तिच्याकडे पावती मागायला गेलं की ती मोडते, असं माझं मत.

असे आणखी शब्द आठवत असतील तर लिहा. मला जमेल तसं उत्तर देईन. मी श्रद्धेने वाचणारा आहे हे आधीच सांगून ठेवतो.

प्रतिसाद

'तारण' घ्या. मी हिशेबाच्या कामात असल्यामुळे मला तारण म्हटलं की सोनं नाहीतर सातबारा दिसतो. भिंतीवर 'येशू तुमचे तारण करील' असं वाचलं तेव्हा तो आपल्याला गहाण ठेवणार की काय, असं वाटून गेलं होतं.

मूळ लेखक

हा हा, हे नवीन आहे! तरणे, तारणे, तारू, तारक हे सगळं कुटुंब पाण्यातलं आहे. तारणे म्हणजे पैलतीराला नेणे, बुडू न देणे. आपण पैसेही 'बुडाले'च म्हणतो, तेव्हा ते बुडू नयेत म्हणून ठेवलेल्या वस्तूला तारण म्हणणं फार विजोड वाटत नाही.

पण या शब्दात एक अडचण खरीच आहे. ग्रीक क्रियापद आहे 'सोझो'. त्याचा अर्थ वाचवणे, आणि आजारातून बरं करणे हाही. मार्कच्या पाचव्या अध्यायात १२ वर्षं रक्तस्रावाने बेजार झालेली एक बाई गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला हात लावते. तिला तो म्हणतो, तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे. लूकच्या सातव्या अध्यायात दुसरी एक बाई येते. गावात बदनाम. ती त्याचे पाय आसवांनी भिजवते, केसांनी पुसते. तिला तो म्हणतो, तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे. ग्रीकमध्ये ही दोन्ही वाक्यं अक्षरशः एकच आहेत. मराठीत एकीला 'बरे केले' आणि दुसरीला 'तारले'. भाषांतरकाराचा दोष नाही, त्याला निवड करावीच लागते. पण मराठी वाचकाला एक बाई दवाखान्यात आणि दुसरी देवळात गेल्यासारखी दिसते. मूळ ऐकणाऱ्याला दोघी एकाच दारात उभ्या दिसत असणार.

येशू हे नावही याच अर्थाचं. हिब्रू येशुआ, म्हणजे 'परमेश्वर तारतो'. जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या हिब्रू भागातला, यहोशवा आणि हा येशू, नाव मुळात एकच. ते अरबीतून 'ईसा' होऊन आलं, आणि आपण रोज लिहितो त्या इसवी सनात बसलं.

प्रतिसाद

आणि 'ख्रिस्त' हे आडनाव का?

मूळ लेखक

नाही, पदवी. ख्रिस्तॉस म्हणजे तेलाने अभिषेक झालेला, हिब्रूत माशिआख, त्याचंच मसीहा. योहान १:४१ मध्ये हा अर्थ फोडून सांगितला आहे. 'येशू ख्रिस्त' हे 'शिवाजी महाराज'सारखं आहे, 'जोशी', 'पाटील'सारखं नाही.

प्रतिसाद

माझा प्रश्न जरा टोचणारा आहे, राग मानू नका. मी कोणाच्या अध्यात ना मध्यात, कर भरतो, आईवडिलांना सांभाळतो. तरी तुमच्या हिशेबाने मी 'पापी'? ख्रिस्ती माणसं इतक्या सहज सगळ्यांना पापी म्हणतात की ऐकणाऱ्याला शिवी वाटते.

मूळ लेखक

राग कसला, हा प्रश्न यायलाच हवा होता.

मराठीत पाप हा जोडीतला शब्द आहे. पाप-पुण्य. म्हणजे खातेवही आली, जमा आणि नावे आलं. पापी म्हणजे ज्याची नावेची बाजू भरली तो. त्या अर्थाने तुम्हाला कोणी पापी म्हटलं तर चिडणं रास्तच आहे. बायबलमध्ये पापाच्या समोर पुण्य उभं नसतं. तिथे क्षमा असते, समेट असतो.

शब्दाकडे वळू. हिब्रूतलं नेहमीचं क्रियापद 'खाता'. ते शास्ते या पुस्तकात (२०:१६) अगदी साध्या अर्थाने येतं. बन्यामीन वंशातले ७०० निवडक डावखुरे गोफणवाले होते. केसावर नेम धरून दगड मारला तरी 'चुकत नसत'. तिथलं 'चुकणं' म्हणजेच हे क्रियापद. ग्रीक 'हामार्तिया'चाही जुना अर्थ नेम हुकणे. आणि आपल्या मराठीत बघा : नेम चुकतो, वाट चुकते, पाऊल चुकतं, आणि त्यातूनच 'चूक' तयार होते. 'खाता'ला इतका जवळचा शब्द फार थोड्या भाषांना मिळाला असेल. तरी बायबलमध्ये 'चूक' न घेता 'पाप' घेतला, कारण चूक फार हलकी पडते. 'चुकून झालं हो' म्हणून हात झटकता येतात.

रोमकरांस पत्रात (३:२३) सर्वांनी पाप केले आणि ते देवाच्या गौरवाला 'उणे पडले' असं वाक्य आहे. मला ते 'उणे पडणे' फार नेमकं वाटतं. तुम्ही दुष्ट आहात असा आरोप त्यात नाही. जिथे पोचायचं होतं तिथवर कोणीच पोचलं नाही, सांगणाराही नाही.

प्रतिसाद

थोडं आडवं बोलतो. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. 'नेम चुकणे' हे व्याख्यानात छान वाटतं, पण त्याने पाप फारच निरागस होतं. स्तोत्र ५१ च्या सुरुवातीच्या ओळींत तीन वेगळे शब्द आहेत. 'पेशा' म्हणजे बंड, उघड उघड मोडलेली आज्ञा. 'आवोन' म्हणजे वाकडेपण. आणि तिसरा तुमचा नेम चुकणारा. दावीद राजा फक्त नेम चुकल्याबद्दल रडत नव्हता. परंपरेनुसार हे स्तोत्र बथशेबाच्या प्रकरणानंतरचं. त्याने दुसऱ्याची बायको घेतली होती आणि नवऱ्याला मारवलं होतं.

मूळ लेखक

मान्य. माझं उत्तर एकांगी झालं होतं. तिन्ही शब्द एकत्र वाचायला हवेत.

प्रतिसाद

आधी शुद्धलेखनाचं बोलतो, मग शंका. 'पश्चाताप' असं सर्रास लिहिलं जातं. शब्द पश्चात् + ताप आहे, म्हणून दोन त : पश्चात्ताप. आता शंका. मागाहून होणारी जळजळ म्हणजे पश्चात्ताप. मग 'पश्चात्ताप करा' अशी आज्ञा कशी देता येईल? जळजळ हुकमाने होते का?

मूळ लेखक

वा! हुकमाने होत नाहीच. कारण आज्ञा जळजळीची नाही. ग्रीक शब्द 'मेतानोइया', मन बदलणे. त्यामागे हिब्रूतलं 'शूव' आहे, म्हणजे परत फिरणे. अगदी रस्त्यावरचं क्रियापद. रूथच्या पहिल्या अध्यायात नामी नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून मवाबातून बेथलेहेमला परत निघते, सुनांना 'तुम्ही माघारी जा' म्हणते, एक जाते, एक जात नाही. त्या सगळ्या जाण्यायेण्यात पुन्हा पुन्हा हाच शब्द येतो. संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, लोकांना 'फिरा' म्हणतात तेव्हा हेच म्हणतात : वाट चुकलात, माघारी वळा. हे मात्र सांगून करता येतं.

मागाहूनच्या जळजळीला ग्रीकमध्ये वेगळं क्रियापद आहे. मत्तय २७:३ मध्ये यहूदाला, म्हणजे येशूला पैशांसाठी पकडून देणाऱ्या शिष्याला, जे झालं त्याला ते वापरलं आहे. तो पस्तावला, ३० रुपये मंदिरात फेकून निघून गेला आणि गळफास घेतला. (मराठी बायबलमध्ये 'रुपये' आहेत. मुळात चांदीची नाणी. लहानपणी मला ही रक्कम फारच किरकोळ वाटायची.) येशूला पकडलं त्या रात्री पेत्र या दुसऱ्या शिष्यानेही तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं होतं आणि तोही बाहेर जाऊन ढसाढसा रडला. जळजळ दोघांनाही झाली. पेत्र माघारी फिरला.

म्हणून कधी वाटतं की 'पश्चात्ताप करा'ऐवजी 'माघारी फिरा' असतं तर बरं झालं असतं. पण दोनशे वर्षं रुळलेला शब्द उपटायचा म्हणजे मुळाशी आलेली मातीही जाते.

प्रतिसाद

मग देवालाच पश्चात्ताप होतो ते कसं? पहिलं शमुवेल, अध्याय १५. अकराव्या वचनात शौलाला राजा केल्याबद्दल देवाला अनुताप होतो. एकोणतिसाव्यात म्हटलंय, देव मनुष्य नाही, त्याला अनुताप होत नाही. एकाच अध्यायात! हा विरोधाभास सरळ कबूल का करत नाही?

मूळ लेखक

विरोध तर दिसतोच, आणि दोन्ही ठिकाणी हिब्रू क्रियापदही एकच आहे, 'नाखाम'. म्हणजे 'मूळ शब्द वेगळे आहेत' ही नेहमीची पळवाट इथे नाही.

नाखाम हा श्वासाइतका जुना, पसरट अर्थाचा शब्द आहे. हळहळणे, मन पालटणे, आणि त्याच धातूच्या दुसऱ्या रूपात सांत्वन करणे. नहेम्या या नावात तोच धातू आहे, 'परमेश्वर सांत्वन करतो'. अकराव्या वचनात देव शौलाबद्दल हळहळतो. ते ऐकून संदेष्टा शमुवेल रात्रभर आक्रोश करत राहतो, म्हणजे वातावरण दुःखाचं आहे. एकोणतिसाव्याच्या आधी काय घडतं ते पाहा. शमुवेल जायला वळतो, शौल त्याच्या झग्याचा काठ धरतो आणि तो फाटतो. राज्य असंच तुझ्यापासून फाडून घेतलं आहे, असं शमुवेल सांगतो. मग म्हणतो, देव शब्द फिरवत नाही. म्हणजे आता घासाघीस चालणार नाही. हळहळणं आणि शब्द फिरवणं मराठीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हिब्रूत एका शब्दात राहतात. लिहिणाऱ्याला दोन्ही वाक्यं इतकी जवळ ठेवताना चूक झाली असं वाटलं नसावं. हे मला पटलेलं उत्तर. तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही.

प्रतिसाद

'शुभवर्तमान' म्हणजे चांगला वर्तमानकाळ असं मी कित्येक वर्षं समजत होते.

मूळ लेखक

वर्तमान म्हणजे बातमी, ताई. वर्तमानपत्रातलं वर्तमान. चांगली बातमी. बाकी शब्दांचा अर्थ सरकला, इथे अर्थ जागेवर राहिला आणि आपण सरकलो.

प्रतिसाद

आमेन म्हणजे तथास्तु ना?

मूळ लेखक

जवळ आहे, पण तोंड वेगळं. तथास्तु देणारा म्हणतो, आमेन मागणारे म्हणतात. धातूचा अर्थ पक्कं, टिकाऊ असणं. प्रार्थनेच्या शेवटी ऐकणारे 'हे खरं, हे पक्कं' म्हणून दुजोरा देतात. येशूची लकब अशी की तो आमेन वाक्याच्या आधी लावतो, आणि योहानात तर दोनदा. मराठी बायबलमध्ये 'मी तुम्हांला खचित खचित सांगतो' असं येतं, ते हेच. खचित हा शब्द बाहेर आता कोणी बोलत नाही, तिथे तो अजून ठणठणीत आहे.

प्रतिसाद

शेवटचा एक. 'होसान्ना' म्हणजे जयजयकार, बरोबर?

मूळ लेखक

वापरात हो. मुळात ती हाक आहे. स्तोत्र ११८:२५ मध्ये 'होशीआ ना', म्हणजे 'तार, विनवतो, तार'. म्हणता म्हणता तिची आरोळी झाली. येशू गाढवावर बसून यरुशलेमेत शिरला तेव्हा लोक झाडांच्या डहाळ्या रस्त्यावर टाकत हेच ओरडत होते. 'होशीआ' आणि 'येशुआ' यांचा धातू एकच. लोक जयजयकार म्हणून 'तार, तार' ओरडत होते, आणि ज्याच्यापुढे ओरडत होते त्याच्या नावातच ते क्रियापद होतं.