मदत हवी आहे : पाण्याखाली गेलेल्या चॅपलचा इतिहास
नमस्कार मंडळी. मी लिव्हरपूलला राहतो. या शहराला पाणी हवं म्हणून वेल्समध्ये बाला गावाजवळचं त्रिवेरिन खोरं बुडवलं गेलं. १९५७ साली पार्लमेंटात कायदा झाला. वेल्सच्या एकाही खासदाराने बाजूने मत दिलं नव्हतं, तरी झाला! १९६५ मध्ये कापेल केलिन गावावर तलाव आला. शाळा, पोस्ट, शेतकऱ्यांची घरं आणि कॅल्व्हिनिस्ट मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचं चॅपल म्हणजे प्रार्थनाघर, सगळं गेलं. वेल्श भाषेत ‘कापेल’ म्हणजेच चॅपल. गावाचं नावच त्यावरून. तिथल्या दफनभूमीतल्या काही मृतांचे अवशेष नातेवाइकांनी हलवले, बाकीचे तिथेच राहिले. आता काठावर स्मारक-चॅपल आहे. मागच्या महिन्यात तिथे गेलो आणि मुळशीची फार आठवण आली.

मला मूळ चॅपलबद्दल वाचायचंय : आतली रचना, रविवारची शाळा, शेवटची प्रार्थना. अॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात कुणी चॅपलची जुनी दप्तरं पाहिली आहेत का? परवानगी कशी मिळते? आणि वेल्श वाचता येणारं कुणी ओळखीचं असेल तर कृपया कळवा. चार पानं जरी समजावून दिली तरी खूप होईल.